मल्खाचा कान

भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली तक्रार करायला निघालेल्या माझ्या ख्रिस्ती बंधू-भगिनींस,



गेल्या रविवारी दुसरी मिस्सा संपवून बाहेर आलो, तर चर्चच्या ओट्यावर टेबल मांडलेलं. टेबलावर रेघा आखलेला फुलस्केप, आणि कुणी पळवू नये म्हणून दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. एका तरुण विनोदवीराने कुठल्याशा कार्यक्रमात आपल्या कन्फेशनवर आणि प्रभुभोजनावर टवाळी केली, त्याच्याविरुद्ध पोलिसांत अर्ज द्यायचा होता. माझ्या आधी पाऊणशे सह्या झाल्या होत्या. त्यांत माझे विद्यार्थी होते, शेजारी होते, माझे व्याहीसुद्धा होते. मी पेन हातात घेतलं, अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं. मागे रांग होती, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

आधीच सांगतो, ती चाळीस सेकंदांची चित्रफीत मी पाहिली आणि मलाही लागलं. माझी आई शेवटच्या आजारपणात ज्या पवित्र भाकरीच्या कणासाठी तोंड उघडायची, त्या भाकरीवर कुणी टाळ्या मिळवाव्यात, हे बरं वाटत नाही. तेव्हा ‘तुम्हाला काही वाटतच नाही का?’ असं मला विचारू नका. वाटतं. प्रश्न आहे तो वाटल्यानंतर काय करायचं याचा.

गेथसेमनीच्या बागेतली रात्र आठवा. येशूला धरायला माणसं आली आणि पेत्राने तलवार उपसली. वार बसला तो महायाजकाच्या एका चाकरावर, त्याचा उजवा कान तुटला. कान तुटल्याचं चारही शुभवर्तमानांत आहे. चाकराचं नाव मल्ख होतं आणि वार करणारा पेत्र होता, हे फक्त योहान सांगतो. येशूने त्या कानाला हात लावून तो बरा केला, हे फक्त लूक सांगतो. अटकेपूर्वीचं येशूचं हे शेवटचं बरं करणं. ते झालं शत्रूच्या माणसासाठी, आणि जखम केलेली होती आपल्याच माणसाने.

मी छत्तीस वर्षं शिकवलं. वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला कानाची किंमत कळते. म्हणून मला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट खुपते. पेत्राने मल्खाचा हात तोडला नाही, पाय तोडला नाही, कान तोडला. पुढे आयुष्यभर ज्याला लोकांना शुभवर्तमान ऐकवायचं होतं, त्याने पहिल्याच संधीला ऐकण्याचं इंद्रियच उडवलं. तुमच्या अर्जाखालची प्रत्येक सही मला त्या वारासारखी वाटते. तो मुलगा उद्या पोलीस चौकीच्या बाकावर बसेल, वकील शोधेल, कदाचित माफीही मागेल. पण ख्रिस्ताविषयी काही ऐकायला त्याचा कान पुन्हा कधी आपल्याकडे वळेल?

हे आपण पहिल्यांदा करत नाही. मुंबईकरांना विलेपार्ल्याचं इर्ला आठवत असेल. 2012 च्या मार्चमध्ये तिथल्या वेलंकनी मातेच्या चर्चजवळच्या क्रूसावरून, प्रभूच्या पायांपाशी, पाण्याचे थेंब ठिबकू लागले. गर्दी झाली. लोक ते पाणी बाटल्यांत भरून नेऊ लागले, तीर्थ म्हणून पिऊ लागले. एका वाहिनीने बुद्धिवादी सनल एडामरुकू यांना बोलावलं. त्यांनी भिंत पाहिली, मागची बाजू पाहिली, फोटो काढले आणि कारण सांगितलं. जवळचा सांडपाण्याचा निचरा तुंबला होता आणि ते पाणी भिंतीतून, खिळ्याच्या भोकातून झिरपत होतं. दिव्याची वात तेल वर ओढते तसंच भिंत पाणी ओढते. सातवीच्या विज्ञानात मी हे शिकवलेलं आहे.

एडामरुकू तेवढ्यावर थांबले नाहीत. टीव्हीवरच्या चर्चेत ते चर्चच्या हेतूंवरही कडक बोलले. त्यांतलं काही मलाही अन्यायाचं वाटलं. आणि आपण काय केलं? तो चमत्कार आहे असं चर्चने जाहीर केलं नव्हतं, तेव्हा खरं तर भांडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. पण आपल्यातल्या काही संघटनांनी भारतीय दंड संहितेच्या कलम 295-अ खाली, म्हणजे आजच्या 299 खालीच, तक्रारी केल्या. धर्मप्रांताने माफीची अपेक्षा व्यक्त केली, त्यांनी माफी नाकारली, आणि त्याच वर्षी ते देश सोडून फिनलंडला गेले.

आता शांतपणे विचार करा. आपली माणसं गटाराचं पाणी श्रद्धेने पीत होती आणि एका नास्तिकाने सांगितलं की पिऊ नका. शेजारधर्म कुणी पाळला? ख्रिस्ताने वाटेवर पडलेल्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली, तेव्हा धर्माने परका असलेला माणूसच तिचा नायक केला होता. त्या मार्चमध्ये निदान पाण्यापुरता तरी तो परका माणूस आपल्याला भेटला होता. त्याचा सूर कडू होता, हे खरं. पण सुरावरून आपण बातमीच नाकारली. इथे कान मल्खाचा नव्हे, आपलाच तुटला.

गंमत अशी की अशी शंका घेणं चर्चला नवं नाही. संतपदाच्या चौकशीत उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडायला चर्चने स्वतः एक अधिकारी नेमला होता. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. 1587 साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी ते पद घालून दिलं आणि 1983 पर्यंत ते जुन्या रूपात चाललं. पद गेलं तरी ऐकण्याची सवय पुरती गेली नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसांवर सगळ्यांत बोचरं लिहिणारे, त्यांची टिंगल करणारं पुस्तक 1995 साली काढणारे ख्रिस्तोफर हिचन्स आठवतात? मदरच्या धन्यपदाची चौकशी चालू असताना, 2001 मध्ये, वॉशिंग्टनच्या धर्मप्रांताने त्यांना साक्षीला बोलावलं, समोर बसवलं आणि त्यांचं म्हणणं टिपून घेतलं. मदर तरीही 2003 मध्ये धन्य आणि 2016 मध्ये संत झाल्या. टीकाकाराला खुर्ची दिल्याने त्यांचं काही कमी झालं नाही.

इथे मला स्वतःचा एक गुन्हा कबूल केला पाहिजे. कन्फेशनच्या खुर्चीत तो सांगून झाला आहे. पण पाप चारचौघांत झालं होतं, म्हणून इथेही सांगतो.

25 जुलै 2024 ला आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. वसईवर त्या दिवसांत कशी अवकळा होती ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याच रात्री, 26 तारखेला, पॅरिसमध्ये ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा झाला. सीन नदीवरच्या एका पादचारी पुलावर लांब मेजामागे काही नर्तक आणि ड्रॅग कलाकार ओळीने उभे राहिले, मधोमध चंदेरी प्रभावळीसारखा मुकुट घातलेली एक बाई. अनेकांना त्यात लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ दिसलं. शनिवारी सकाळपर्यंत माझ्या फोनवर तो फोटो अकरा वेळा आला होता. सोबतचा मजकूर तुम्हाला पाठ असेल: जागे व्हा, बहिष्कार घाला, पुढे पाठवा. मी पुढे पाठवला, एक नाही, पाच ग्रुपांवर. वर ‘यांना देव बघून घेईल’ असं माझं एक वाक्यही जोडलं.

अर्ध्या तासात पुतणीचा निरोप आला. ‘काका, तुम्ही तो कार्यक्रम पाहिलात का?’

पाहिला नव्हता. रात्री नऊला मी झोपलो होतो. जे पाहिलंच नाही त्याने मी दुखावलो होतो, आणि कधी न भेटलेल्या माणसांना देवाच्या हवाली करून मोकळाही झालो होतो. पुढे समजलं की दिग्दर्शक थॉमस जोली यांनी त्या भोजनाशी संबंध नाकारला. आपल्याला ऑलिंपसच्या देवांची मेजवानी दाखवायची होती, असं ते म्हणाले. फळांच्या राशीत निळा रंग फासून बसलेला तो गायक म्हणजे मद्याचा ग्रीक देव डायोनिसस. फ्रान्सच्या बिशपांनी सोहळ्यातल्या सुंदर क्षणांचं कौतुक करून, ख्रिस्ती धर्माची थट्टा झाली याचं दुःख व्यक्त केलं. आयोजकांनी दोन दिवसांनी खेद व्यक्त केला. दिग्दर्शकाचं म्हणणं खरं मानायचं की बिशपांचं, यावर तुम्ही-मी रात्रभर वाद घालू शकतो. पण वाद नसलेली एक गोष्ट आहे. मुकुट घातलेल्या त्या बाईला आणि जोलींना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, अंगावरून, लैंगिकतेवरून, जातकुळीवरून शिव्या आल्या. त्यांतल्या काही ख्रिस्ताची बाजू घेऊन दिलेल्या होत्या. ‘यांना देव बघून घेईल’ हे माझं वाक्य त्याच ढिगातली एक काडी होतं.

आणि कुठल्या आठवड्यात? ज्या माणसाने आपल्याला नेमकं उलटं शिकवलं, त्याला निरोप दिला त्याच आठवड्यात. फादरांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा काय झालं ते आठवा. एका ख्रिस्ती धर्मगुरूने मराठीच्या व्यासपीठावर बसू नये, असे आवाज उठले. धमकीचे फोन झाले. फादर जानेवारी 2020 मध्ये पाठीचं दुखणं घेऊन, चाकाच्या खुर्चीत बसून उस्मानाबादला गेले आणि मराठीवर, संतांवर, माणसाच्या स्वातंत्र्यावर बोलले. विरोध करणाऱ्यांवर त्यांनी आग पाखडली नाही. म्हणून ते भित्रे होते असं कुणी म्हणेल का? हेच फादर हरित वसईसाठी, इथल्या पाण्यासाठी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरले होते. तेव्हा समोर कोण होतं ते वसईकरांना ठाऊक आहे. दुसऱ्याच्या विहिरीसाठी ते भांडले, स्वतःच्या मानासाठी नाही. हा फरक मला त्यांच्याकडून शिकायचा राहून गेला होता.

आता थोडं मागे जातो, कारण टवाळी हा एकतर्फी व्यवहार नाही. आपण नेहमी ज्याची टिंगल झाली त्याच्या जागी उभे राहतो. पण मराठी मुलखात आपण दुसऱ्या जागीही उभे राहिलेलो आहोत. मुंबईत 1831 साली मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने ग्रंथ लिहिला, त्याला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी पुढच्या वर्षी उत्तर दिलं. त्या उत्तराच्या नावातच हिंदू धर्म ‘उघडा पाडण्याची’ भाषा होती. 1857 सालच्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झडले. वाळूवर माणसं दाटीने बसत. दोन्हीकडून युक्तिवाद होत, तसे चिमटेही काढले जात. त्या काळातली पत्रकं चाळा. दुसऱ्यांच्या देवांविषयी, त्यांच्या मूर्तींविषयी आपल्या लोकांनी जे लिहिलं आहे, ते आज कुणी आपल्याविषयी लिहिलं तर ओट्यावर एक टेबल पुरणार नाही.

त्या वादांनी किती माणसं ख्रिस्ताकडे आली? मला तरी त्यांतून फारसे कान उघडलेले दिसत नाहीत. उघडले ते वेगळ्या वाटेने. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी सोडून आलेल्या घराची टर उडवली नाही. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत आणि ख्रिस्ताला अभंगात, ओवीत, कीर्तनात घेऊन आले. घरच्यांनी आणि गावाने त्यांना काय काय ऐकवलं ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. पण त्या पुस्तकात सूड शोधून सापडत नाही. सापडतं ते हसू, आणि तेही बहुतेक वेळा स्वतःवरचं. धर्म सोडलेल्या नवऱ्यावर रडलेली ही बाई पुढे स्वतः ख्रिस्ती झाली, आणि आज सगळा महाराष्ट्र, कुठल्याही धर्माचा, तिला आपली म्हणतो. एवढे कान कुठल्या खटल्याने मिळाले असते?

घरची एक गोष्ट सांगतो. मी पाचवीत होतो. इतिहासाचा तास, चिमाजी अप्पांनी 1739 साली वसईचा किल्ला घेतला तो धडा. गुरुजींनी धडा मधेच थांबवून मला उभं केलं. ‘याच्या पणज्याच्या विहिरीत पोर्तुगीजांनी पाव टाकला, आणि सकाळी पाणी पिऊन अख्खं घर बाटलं. काय रे, पाव अजून तरंगतो का?’ वर्ग खो खो हसला. ‘पाव तरंगतो’ हे माझं नाव पुढची तीन वर्षं टिकलं.

वडील मुख्याध्यापकांकडे जायला निघाले. आजीने त्यांना अडवलं. तेव्हा आमच्याकडे सुकेळी वाळत घातली होती. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी आत घ्यायची, पुन्हा सकाळी मांडायची. आठवडाभर असं केलं की ती मधाच्या रंगाची होतात. मग केळीच्याच सुक्या पातीत घट्ट गुंडाळायची. आजीने त्यांतली एक जुडी बांधली आणि मला गुरुजींच्या घरी पाठवलं, कारण त्यांची बायको नुकतीच बाळंत झाली होती. मी रागाने धुमसत गेलो. गुरुजींनी जुडी घेतली, हुंगली, ‘आजीला सांग, छान झालीत’ म्हणाले. बस्स. पश्चात्ताप नाही, डोळ्यांत पाणी नाही. पुढल्या वर्षी त्यांनी तोच विनोद माझ्या धाकट्या भावावर केला.

वडील आजीला म्हणाले, ‘बघ, काय उपयोग झाला तुझ्या केळ्यांचा?’ आजी लाल लुगड्याचा पदर खोचत म्हणाली, ‘त्याची जीभ विकत घ्यायला मी केळी पाठवली नव्हती. बाळंतिणीला पाठवली होती.’

हे वाक्य समजायला मला पन्नास वर्षं लागली. आपण प्रेमाची भाषा करतो तेव्हा मनात हिशेब असतो: प्रेमाने वागू, मग तो विरघळेल, माफी मागेल, रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसेल. हे प्रेम नव्हे, मऊ हाताने केलेली वसुली आहे. ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो’ हे वाक्यसुद्धा आपण कितीदा थोबाडीत मारल्यासारखं म्हणतो! समोरच्याने क्षमा मागितलेली नसते, त्याला आपण काही चुकलो असं वाटतही नसतं, आणि आपण वरच्या पायरीवर उभं राहून त्याच्या अंगावर क्षमा टाकतो. आजीने गुरुजींना क्षमा केली असं कधी जाहीर केलं नाही. तिने फक्त बाळंतिणीचं पाहिलं.

आता तुमचे प्रश्न. ते मला ठाऊक आहेत, कारण जेवणाच्या टेबलावर माझ्या मुलानेच ते विचारले.

पहिला प्रश्न: मग अन्याय मुकाट सोसायचा का? नाही. आजीपेक्षा मी इथे थोडा वेगळा वागेन. आज माझ्या नातीला वर्गात कुणी तसं उभं केलं तर मी गुरुजींकडे जाईन आणि त्यांच्यासमोर बसून विचारेन. महायाजकासमोर येशूला शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे केला नाही. त्याने विचारलं: मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नसेन तर मारलंस का? योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे, वाचा. प्रेम मुकं नसतं. ते प्रश्न विचारतं, आणि मुख्य म्हणजे उत्तरासाठी थांबतं. अर्ज प्रश्न विचारत नाही. तो निकाल लिहूनच जातो.

दुसरा प्रश्न: आपण थोडे आहोत, आज टिंगल आणि उद्या दगड, तेव्हा काय? ही भीती खोटी नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण दहा लाख ऐंशी हजार होतो, शंभरात एकही पुरता नाही. टवाळी आणि हल्ला यांच्यामधलं अंतर कधी कधी फार थोडं असतं, हेही मान्य. पण ती रेघ आपण ओळखली पाहिजे. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी 1999 मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत जिवंत जाळले गेले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि मुलीला घेऊन बारिपदाच्या कुष्ठरोग्यांमध्ये त्या पुढची काही वर्षं राहिल्या. पण त्यांच्या क्षमेने खटला थांबला नाही, थांबायलाही नको होता. कायदा चालला, शिक्षा झाली. माणसाच्या देहावर, घरावर, चर्चच्या दारावर हात पडला तर पोलिसांत जा, मीही येईन, पहिली सही माझी. तिथे आपण माणसाला वाचवायला जातो. विनोदावरून जातो तेव्हा कुणाला वाचवायला जातो? देवाला?

तिसरा प्रश्न: कायद्याने दिलेला हक्क का सोडायचा? त्या कायद्याची गोष्ट ऐका. लाहोरमधल्या एका बदनाम पुस्तिकेचा प्रकाशक उच्च न्यायालयात सुटला, त्यावरून देश तापला आणि 1927 मध्ये ब्रिटिशांनी 295-अ आणलं. निर्दोष सुटलेल्या त्या प्रकाशकाचा 1929 मध्ये खून झालाच. 1 जुलै 2024 पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत 299 क्रमांकाने आलं आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान, ही कायद्याची स्वतःची अट आहे. त्या मुलाचा हेतू दुष्ट होता, हे तुम्ही लिहून देणार आहात. चाळीस सेकंदांत तुम्हाला त्याचं काळीज दिसलं? आणि हेही विसरू नका, की देशात याच कलमाचा दांडका प्रार्थनासभा घेणाऱ्या पास्टरांच्या पाठीतही बसतो. त्याला बळ देण्यात आपलं भलं नाही.

शिवाय या वाटेने आजवर हाती काय लागलं? 2006 मध्ये ‘द दा विंची कोड’ चित्रपटावर काही राज्यांनी बंदी घातली. आंध्र आणि तमिळनाडूत ती उच्च न्यायालयांनी उठवली. मुंबईतल्या एका माजी नगरसेवकाने कादंबरीच्या लेखकाला पकडून आणणाऱ्याला अकरा लाखांचं बक्षीस जाहीर केलं. तेही ख्रिस्ताच्या नावाने! 2015 मध्ये ‘अ‍ॅग्नेस ऑफ गॉड’ या नाटकावर मुंबईत प्रयोग होण्याआधीच बंदीची मागणी झाली. कादंबरी खपायची ती खपली, नाटक व्हायचं ते झालं. लोकांच्या लक्षात राहिला तो आपला आरडाओरडा.

रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीचा तुकडा सापडला आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वी कुणा टवाळाने त्यावर टोकदार वस्तूने चित्र कोरलं. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, त्याच्यापुढे हात वर केलेला एक तरुण, आणि खाली वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलेलं, की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. क्रूसावरल्या ख्रिस्ताच्या अगदी जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि ते आपली टिंगल करणाऱ्याने काढलेलं! तिथल्याच शेजारच्या खोलीत दुसऱ्या हाताने कोरलेले दोन लॅटिन शब्द सापडले. अर्थ एवढाच, की अलेक्सामेनोस विश्वासू आहे. ते त्यानेच लिहिले की मित्राने, कोण जाणे. पण जर ते उत्तर असेल, तर काय उत्तर आहे! ना शिवी, ना शाप. ते चित्र खोडलेलंसुद्धा नाही.

आता माझी विनंती. आज घरी गेल्यावर जेवणाच्या टेबलाच्या वर टांगलेली ‘शेवटच्या भोजना’ची फ्रेम खाली उतरवा, धूळ पुसा आणि नीट बघा. वसईत ती नसलेलं ख्रिस्ती घर विरळा. यहुदा तिथेच बसलेला आहे, मुठीत थैली घेऊन. त्याला कुणी उठवलेलं नाही. आणि त्याच्या मागून पुढे झुकलेल्या पेत्राच्या हाताकडे पाहा. लिओनार्दोने त्या हातात सुरी दिली आहे. कान तुटायला अजून काही तास आहेत, पण हात आधीच तयार आहे. ज्या चित्राच्या अपमानाने आपण पेटलो, त्या चित्रात आपणही आहोत, आणि कुठे आहोत ते मला त्या शनिवारनंतर स्पष्ट दिसतं.

फुलस्केप पुढच्या रविवारपर्यंत ओट्यावर राहणार आहे असं ऐकलं. मी तिथेच असेन, पहिल्या मिस्सेपासून. भांडायला नाही, ज्यांना बोलायचं आहे त्यांच्याशी बोलायला. ज्यांनी सही केली आहे त्यांच्यावर माझा राग नाही. व्याह्यांना तर मी जेवायलाच बोलावलं आहे.

आणि तुमच्यापैकी अर्ज लिहिणाऱ्यांनी त्या मुलाचा पत्ता नक्कीच काढला असेल, तक्रारीत तो लागतो. तेवढा मला कळवा. यंदा राजेळी चांगली आली आहेत, एक जुडी पाठवायची आहे. तो काय उत्तर देईल ते त्याचं तो पाहील.

तुमचाच,
वसईतला एक निवृत्त शिक्षक